पोस्टकार्डाचा चौथा कोपरा

९ नोव्हेंबर

कटरच्या पात्यांचे आणखी एक खोके आज परत पाठवले. पाते स्टीलच्या पट्टीला बिलगून चालले पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा असते. हे पाते कापाच्या शेवटच्या दोन बोटांत पट्टी सोडते आणि बाहेर झुकते, जणू त्याला स्वतःचे मत आहे. पुरवठादार अदबीने म्हणाला, की या पात्यांबद्दल दुसऱ्या कुणाची तक्रार आलेली नाही. दुसरे कुणी सरळ कापतच नसावे.

दैनंदिनी पुन्हा हाती घेतली ती दुकानाला वर्ष होत आले म्हणून. या वर्षातल्या चुकांची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे. मुंबईच्या कलाशाळेत आयुष्यभर कागदाचे जतन शिकवले. निवृत्तीनंतर पनवेलला, वडाळे तळ्याच्या मागच्या गल्लीत, हे दुकान थाटले. हातकागद, जपानी टिश्यू, माउंट बोर्ड, क्विलिंगच्या पट्ट्या, हाडाच्या घडीपट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाची ताजी खळ. वाटले होते, कागदाची चाड असलेली माणसे येतील. येतात ती चमकी मागतात. आज एका बाईंना मी सांगितले, की चमकी ही कागदाला झालेली खरूज आहे. त्या काही न घेता गेल्या.

रंजिता म्हणाली, "ताई, तुमी माल इकत नाय, गिऱ्हाइकाची परीक्षा घेता. आनि सगल्यांना नापास करता."

रंजिता करंज्याच्या कोळीवाड्यातली. वडील शिवा कोळी, पूर्वी त्यांची स्वतःची होडी होती. ती दुकान उघडते, झाडते, खळ शिजवते, मालाची मांडणी पाहते. कापते बरे. चांगले म्हणणार नाही.

१७ नोव्हेंबर

रविवारचा वर्ग. घडीपत्रे, म्हणजे घडी घालून करायची शुभेच्छापत्रे, शिकवली. वर्ग संपल्यावर एका मुलीने विचारले, "मॅडम, आमच्यावर रागावलात का?" मी रागावले नव्हते. उलट, तिची घडी आज प्रथमच काटकोनात बसली होती आणि मी मनातून प्रसन्न होते. हा प्रश्न मला अलीकडे बँकेत, भाजीवाल्याकडे, सगळीकडे विचारला जातो. सतत दात दाखवणे हा आता सभ्यपणाचा पुरावा झाला आहे. माझा चेहरा पूर्वीपासून गंभीर आहे.

२३ नोव्हेंबर

एक गोष्ट न्यायाने लिहिली पाहिजे. रंजिताला मी आरंभीच बजावले होते, की डब्यात सुकी मासळी आणायची नाही, कारण हातकागद वास धरून ठेवतो. ती ऐकत नसे. गेले काही महिने मात्र दुकानात वासाचा लवलेश नाही. आज तिचे कौतुक केले. ती डब्याचे झाकण धरून माझ्याकडे पाहत राहिली.

"ताई, आज तर सोड्याचं कालवन हाय. कालपन बोंबील व्हते. तुमी बोलला नाय, मला वाटलं सवय झाली तुमाला."

कौतुक मागे घेतले. नियम पुन्हा सांगितला.

२ डिसेंबर

विनिताचे कार्ड आले. आम्हा बहिणींचा हा जुना रिवाज. महिन्याला एकमेकींना एक पोस्टकार्ड, फोन असले तरी. ठाण्याहून तिचे येते, इथून माझे जाते. या वेळी तिने बरेच उपदेश लिहिले आहेत. "तुझे कार्ड वाचायला मला भिंग घ्यावे लागले. मुंग्यांसाठी लिहितेस का? आणि दिवाळीत तळ्याकाठी चालताना तुझा उजवा हात जराही हलत नव्हता. खांदा दुखतो का?"

माझे अक्षर पूर्वीपेक्षा आटोपशीर झाले आहे हे खरे, आणि मला त्याचा अभिमान आहे. जुन्या वह्यांत एका पानावर जेवढे मावत असे त्याहून कितीतरी अधिक आता मावते. विनिताचे अक्षर लहानपणापासून गबाळे, तिला आटोपशीरपणा खुपणारच. राहिली हाताची गोष्ट. हात हेलकावत चालणे हे आमच्या शाळेत बेशिस्त समजले जाई. ती हे विसरली, मी विसरले नाही.

६ डिसेंबर

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

दुपारी धनेश घरत नावाचे गृहस्थ आले. मूळचे बेलपाड्याचे. जमिनी गेल्यावर इमारती बांधणारे झालेले. गळ्यात साखळी, हातात दोन फोन, दारात अशी गाडी की गल्ली बंद. मी मनाशी ठरवले, की हे लग्नपत्रिकांचे नमुने मागणार. त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून रुमाल, आणि रुमालातून एक चित्रकार्ड.

हात पुसून मी ते उजेडात धरले.

पनवेलचे बंदर. खाडीत दोन गलबते, काठाला मिठाचे ढीग, पांढऱ्यावर हाताने भरलेला फिकट निळा. काठाशी, अगदी उजव्या कडेला, मीठ ओढायची लाकडी फळी घेऊन उभा असलेला मनुष्य. शंभर वर्षांहून जुने, आणि चारही कोपरे सुईसारखे. कोकणच्या बंदरांची चित्रकार्डे मी कॉलेजपासून जमवते आहे. रेवदंडा, बाणकोट, हर्णे, जयगड. माझ्या संग्रहाच्या पहिल्याच पानावर पनवेलची जागा मी रिकामी ठेवली आहे. असे कार्ड निघाले होते हे मला ठाऊक होते, पाहिले आज.

धनेशच्या आईचे म्हणणे असे, की तो कडेचा मनुष्य म्हणजे घरतांचा खापरपणजा. जुन्या चित्रातला कुठलाही उभा मनुष्य कुणाचा तरी खापरपणजा ठरतो. त्यांनी पुढे सांगितले: नवा बंगला बांधला आहे, महिन्याच्या अखेरीस वास्तुशांती, त्या दिवशी हे कार्ड दाराच्या समोरच्या भिंतीवर लागले पाहिजे. मागून दिवा लावता येईल का, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, की दिवा लावायचा असेल तर दुसरीकडे जा.

"नको नको, मॅडम. तुम्ही म्हणाल तसं. लोक बोलले, असलं जुनं कागदाचं काम करावं तर तुम्हीच."

मी विकत मागितले. मागायला नको होते, पण मागितले. ते हसले. "विकायला आमच्याकडे जमीन होती, मॅडम. ती विकली. हे नाय विकायचं."

उत्तर चांगले होते. माणूस मात्र पाणी पिताना आवाज करतो.

१२ डिसेंबर

माउंट बोर्ड निवडला. कार्ड कुठेही चिकटवायचे नाही, हे आपल्या विद्येचे पहिले सूत्र. पातळ जपानी कागदाच्या तिकोनी खोळी करायच्या, त्यांत कार्डाचे चार कोपरे अलगद बसवायचे आणि खोळी बोर्डाला चिकटवायच्या. कार्ड मोकळे राहते, हवे तेव्हा निघते. खोळीची जास्तीची कड कापावी लागते. ती मी कार्ड आत असतानाच कापते. विद्यार्थ्यांना हे मी कधी करू दिले नाही, त्यांनी खोळ आधी कापूनच आणली पाहिजे. पण कार्डावर बसलेली कड जशी मिळते तशी आधी कापलेली मिळत नाही, आणि माझ्या पात्याने आजवर कुठल्या कार्डाला स्पर्श केलेला नाही.

सरावाच्या खोळी कापताना नवे पातेही पट्टी सोडू लागले. रंजिता बाजूला उभी होती. म्हणाली, "ताई, आमच्या बाबांचा पन हात असाच..." मी तिला सांगितले, की हात कुणाचा कसा याची चर्चा नको, पाते बदलून आण.

१८ डिसेंबर

पाते घसरले.

१९ डिसेंबर

काल लिहिणे शक्य झाले नाही. तीन कोपरे निर्दोष झाले. चौथा उजवीकडचा खालचा. पट्टी घट्ट धरली होती, उजेड पुरेसा होता, दुकानात कुणी बोलत नव्हते. शेवटच्या दोन बोटांत पाते बाहेर झुकले आणि खोळीसह कोपरा वेगळा झाला. नखाएवढा तुकडा. कडेच्या माणसाचा एक पाय त्या तुकड्यावर आहे.

कटर खाली ठेवला. मग तुकडा चिमट्याने उचलला.

कारणे तपासली. कापताना खाली घ्यायची मॅट जुनी आहे, तिच्या खाचांत पाते अडखळू शकते. हवा दमट आहे. पाते सदोष आहे. यांतले कोणतेही एक कारण पुरेसे आहे.

२४ डिसेंबर

तुकडा जोडला. मागून टिश्यू, मधे रेशमासारखी खळ, वर दाब. तंतू एकमेकांत गुंतले की जोड दिसत नाही. शेकडो कागद मी असे सांधले आहेत. खळ काठाबाहेर थोडी पसरली होती, ती टिपून घेतली. निळ्याचा एक हात द्यावा लागला. भिंगाशिवाय जोड ओळखू येणार नाही असे माझे मत आहे.

रंजिताला दाखवले. तिने पाहिले आणि ती खळीचे भांडे घासायला मागे गेली. मत विचारले तर म्हणाली, "तुमी केलंय ते बरूबरच असनार ताई." भांडे मात्र तिने फार वेळ घासले.

२८ डिसेंबर

धनेश घरत आईला घेऊन आले. ठमाबाई. पंचाहत्तरीच्या आसपास, काठी आहे पण टेकत नाहीत. रंजिताने चहा आणला. मी माउंट केलेले कार्ड टेबलावर ठेवले आणि आवरण काढले.

धनेशनी पाहिले आणि लगेच भिंतीवरच्या कागदांकडे नजर वळवली. "भारी झालंय मॅडम. बोर्डचा कलर भारी आहे." बोर्डाच्या रंगाबद्दल ते आणखीही बरेच बोलले.

ठमाबाई पुढे वाकल्या. अंगठा उजव्या खालच्या कोपऱ्यावर ठेवला, आणि मागे घेतला, विस्तवाला लागल्यासारखा.

"यो कोपरा तोडून मंग चिकटवलाय."

धनेश म्हणाले, "आये, जुनं आहे ते, असेल आधीच."

"आधी नवता. मी लग्न करून आल्यापास्नं बघतंय. चारी कोपरं व्हतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, तेच अधिक वाईट. "बाय, तुमाला ठावं नाय का? कोपरा तोडलेलं कारट मयताचं. पोष्टमननं उंबऱ्यावर तसं कारट टाकलं का आमी बायका वाचायच्या आधीच रडाया लागायचो. वाचलं का फाडून टाकायचं, आंघोल करायची, घरान नाय ठेवायचं. आनि तुमी मयताचं कारट जोडून वास्तूला देता?"

मला ठाऊक होते. कुणाला ठाऊक नाही? आजोळी तशी कार्डे येत, आणि आम्हा मुलांना अंगणात पिटाळले जाई. पण तो प्रघात टपालाच्या कार्डांचा, चित्रकार्डांचा नव्हे, आणि शिवाय हा कोपरा हेतुपूर्वक तोडलेला नाही. हे मी त्यांना मुद्देसूद समजावले. धनेश मान खाली घालून ऐकत होते. मग मी म्हणाले, की पाते सहायिकेच्या हातून घसरले.

हे वाक्य मी योजलेले नव्हते. तरी विचार करता त्यात मोठेसे असत्य नाही. काम दुकानाचे असते, व्यक्तीचे नव्हे, आणि पाती निवडून आणणे रंजिताकडे होते.

ती कपबश्या गोळा करत होती. एक बशी तिने जरा जोरात ठेवली.

ठमाबाईंनी रंजिताकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे, पुष्कळ वेळ. "ठेवा तुमचेकडंच," एवढेच म्हणाल्या. धनेश दारातून परत आले, नको म्हणत असता कामाचे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, मॅडम. आईचं जुनं असतं." कार्ड त्यांनी नेले नाही.

म्हणजे पनवेलचे बंदर आता माझे आहे.

२९ डिसेंबर

रंजिताला कामावरून कमी केले. काल मी सांगितले त्याला अनुसरून हे करणे भाग होते, नाहीतर घरतांच्या दृष्टीने दुकानात काही शिस्तच नाही असा अर्थ झाला असता. महिन्याचा पूर्ण पगार दिला.

ती भांडली नाही. ओढणी झटकली, डबा घेतला. दारात म्हणाली, "ताई, मी गेली तर गेली. पन तो हात दाखवा कुनाला तरी. आमच्या बाबांचं पयलं जालंच बिघडलं व्हतं. गाठ बसायची नाय. सूत खराब आलंय म्हनून ते पन सुताला शिव्या देत व्हते."

मी म्हणाले, की जाळे आणि जपानी टिश्यू यांत फरक असतो.

"सुतात असतो ताई," ती म्हणाली. "हातात नसतो."

उद्धटपणा. आजवर माझ्याशी असे कुणी बोललेले नाही.

४ जानेवारी

दुकान उघडले. बंद केले.

११ जानेवारी

एक तरुण जोडपे आले, लग्नपत्रिकेसाठी हातकागद पाहायला. मुलीने नाकाला रुमाल लावला आणि दोघे कुजबुजत निघून गेले. शेजारचे दयाराम शिंपी आले, म्हणाले, बाई, उंदीर मेलाय का बघा, माझ्या दुकानापर्यंत वास येतोय. मी म्हणाले, मला तर येत नाही. त्यांनी शोधून काढले. मागच्या खोलीत खळीचे भांडे, रंजिता गेल्यापासून तसेच राहिलेले, वर हिरवी बुरशी आणि खाली सगळे नासलेले. रोज मी त्या भांड्याच्या शेजारी बसून डबा खात होते.

दयारामनी ते बाहेर नेऊन टाकले. मी भांडे नाकाशी धरले. पाण्याला असतो तेवढासुद्धा वास आला नाही.

मग घरी येऊन कापूर हुंगला. ओवा हुंगला. डब्यातले हिंग. रॉकेलची जुनी बाटली.

काही नाही.

१९ जानेवारी

प्रश्न पद्धतशीर सोडवायचा ठरवले. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत आले, की दोष शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पाते बदलले, जुने जर्मन आणले, जपून ठेवलेले. रेघ बाहेर झुकली. मॅट बदलली. झुकली. टेबल खिडकीपाशी नेले. चष्म्याचा नंबर तपासून आणला, तो बदललेला नाही. कागद बदलला, वर्तमानपत्र घेतले, ज्याला आतापर्यंत मी कागद मानत नव्हते. दयारामांची कातर मागून आणली. डाव्या हाताने कापून पाहिले. रेघ वेडीवाकडी आली, पण ती नवशिक्याच्या हाताची होती, शेवटच्या दोन बोटांत बाहेर जात नव्हती.

सगळे बदलून झाले. उरला तो उजवा हात.

पट्ट्यांचा ढीग जमिनीवर पडला आहे. प्रत्येक पट्टी एका टोकाला रुंद. वर्गात कुणी अशी पट्टी दाखवली असती तर मी तिच्यासमोर ती फाडली असती. पुष्कळदा फाडली आहे.

९ फेब्रुवारी

नव्या पनवेलात मेंदूविकाराचे डॉक्टर. वय पस्तीसच्या आतले, भिंतीवरची प्रमाणपत्रे वाकडी लावलेली. मला अंगठा आणि तर्जनी उघडमीट करायला सांगितले. चालायला सांगितले. कागदावर गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी रेघ काढायला सांगितली. मी जन्मभर रेघांवर गुण दिले आहेत. ही रेघ पाहून मी स्वतःच कागद उलटा ठेवला. शेवटी त्यांनी एक वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला लावले. पहिली ओळ माझी होती, शेवटची विनिताच्या मुंग्यांची.

कंपवात, ते म्हणाले. मी त्यांना दुरुस्त केले, की माझा हात कापत नाही, त्यामुळे निदान चूक आहे. ते रागावले नाहीत. म्हणाले, पुष्कळांचा आरंभी कापत नाही. मंद होतो, आखडतो. अक्षर बारीक होते, वास जातो, चेहरा स्थिर होतो, लोकांना वाटते माणूस रागावलाय. हे सगळे त्यांनी माझी दैनंदिनी न वाचता सांगितले.

गोळ्यांनी फरक पडेल, काही वर्षे चांगली जातील, व्यायाम करा. मी विचारले, कटर? त्यांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, "रोजची कामं तुम्ही कराल, काळजी नको. सरळ रेघेची हमी मी देऊ शकत नाही."

बाहेर बाकावर बराच वेळ बसले. एक विमान फार खालून गेले. नवीन विमानतळ झाल्यापासून ती अशीच जातात. सगळ्यांनी वर पाहिले. मला मान वर करायला वेळ लागला, तोवर ते गेले होते.

१० फेब्रुवारी

रोजची कामे. म्हणजे वेणी, भाजी, गॅस. त्यांसाठी मी हा हात घडवला नव्हता.

२१ फेब्रुवारी

घरतांची वास्तुशांती पुढे गेली होती, ती परवा झाली; धनेशच्या चालकाने तिच्या पेढ्यांचा पुडा आणून दिला. सोबत निरोप, की आईने बाईंची तब्येत विचारली आहे. तब्येतीचे मी कुणाला सांगितलेले नाही. त्या दिवशी त्या माझ्या हाताकडे पाहत होत्या. मला वाटले होते, बांगड्या नाहीत म्हणून पाहतात.

पेढे गोड असावेत. चव अर्धी नाकाची असते असे म्हणतात.

मिठागराचे कार्ड संग्रहाच्या पहिल्या पानात ठेवले. त्या रिकाम्या जागेकडे मी इतकी वर्षे आशेने पाहिले होते. आता ते पान पाहवत नाही. उजेडात जोड स्पष्ट दिसतो. खळ वाळून पिवळी पडली आहे, निळा हात ओलांडून मिठावर गेला आहे, आणि त्या माणसाचा पाय गुडघ्याखाली किंचित सरकलेला आहे. ते लहान मुलाचे काम वाटते. २४ डिसेंबरला मी काय पाहत होते?

आणि धनेशनी काय पाहिले असेल. आणि रंजिताने, भांडे घासताना.

६ मार्च

रविवारचा वर्ग बंद केला. कारण सांगितले नाही. घडीपत्राची ती मुलगी म्हणाली, मॅडम, आम्ही काही चुकलो का? मी हसण्याचा प्रयत्न केला. तिच्या चेहऱ्यावरून कळले, की प्रयत्न माझ्या चेहऱ्यापर्यंत पोचला नाही.

विनिताने ठाण्याला ये म्हटले आहे. दुकान विकायला काढावे लागेल. पात्यांच्या पुरवठादाराला फोन केला, परत केलेल्या सगळ्या खोक्यांचे पैसे पाठवते म्हणाले. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, मॅडम, कंपनीने क्वालिटी बदलली असेल हो. मी म्हणाले, नाही, पाती उत्तम होती. हे वाक्य उच्चारायला वेळ लागला. बोलण्याचाही आवाज आता लहान झाला आहे, तो तीन वेळा म्हणाला, ऐकू येत नाही.

सकाळी बटण लावायला इतका वेळ लागला की मी ब्लाउज काढून पुन्हा पलंगावर पडले. दुपार झाली तरी उठावेसे वाटले नाही. कुणी विचारणारे नव्हते. दुकान उघडले नाही म्हणून कुणी फोन केला नाही. नापास केलेले लोक चौकशीला येत नाहीत.

१४ मार्च

पोस्टातून साधी कार्डे आणली. विनितासाठी, धनेश घरतांसाठी आणि आणखी एक.

रंजिताचा फोन नंबर माझ्याकडे आहे. फोनवर मी बोलले असते तर ती म्हणाली असती, जाऊ द्या ताई, आणि मी जाऊ दिले असते. मला ते जाऊ द्यायचे नाही. शिवाय जे सांगायचे आहे त्याची रीत ठरलेली आहे, आणि ती रीत मला ठमाबाईंनी माझ्याच दुकानात शिकवली, मी त्यांना मुद्दे समजावत असताना.

मोठ्या अक्षरात लिहायचे ठरवून बसले. डॉक्टरांनी सांगितले आहे, की आखलेल्या दोन रेघांमध्ये लिहिले तर अक्षर टिकते. रेघा आखता आल्या नाहीत. दयारामांकडून आखून आणल्या. त्यांनी काही विचारले नाही. तोंडात टाचण्या होत्या म्हणून असेल.

लिहिले:

"चि. रंजितास. मिठागराचे कार्ड तुझ्या हातून कापले गेले नव्हते. ते मी कापले. घरतांच्या देखत तुझे नाव घेतले ते खोटे होते. धनेश घरत यांनाही हेच लिहिते आहे. तुझे वडील आता कसे आहेत? त्यांना सूत कोण ओवून देते? हे मला तू पहिल्यांदा सांगू पाहिलेस तेव्हा ऐकायला हवे होते. हे वाचून झाले की घरात ठेवू नकोस. दमयंती."

"ठेवू नकोस" पर्यंत अक्षर रेघ सोडून खाली उतरले आणि बारीक झाले. नावात तर वेलांटी शोधावी लागेल. पुन्हा लिहावे असे वाटले. दुसरे कार्ड होते. घेतले नाही.

करंज्याचा पत्ता दयारामांकडून लिहवून घेतला, पोस्टमनला वाचता यावा म्हणून.

मग कटर उचलला. सवयीने पट्टीही लावली, उजव्या खालच्या कोपऱ्यावर. थोडा वेळ तशीच धरून बसले. पट्टी बाजूला ठेवली, कटरचे पाते आत ढकलले आणि कोपरा हातानेच फाडला. तंतू ओढले गेले, कड दातेरी आली, एका बाजूला आत शिरली.

चालेल. मयताच्या कार्डाला सरळ रेघ लागत नाही.